कोपराखालचा हात

३ जानेवारी १९३५

अव्वा आज घरी आली. मिरजेच्या इस्पितळातून निघताना डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की गाठ मुळासकट काढली आहे, यापुढचं काम औषधाचं नाही, घरच्यांचं आहे. ती वाळून गेली आहे, तिला चांगलं खाऊ घाला. आणि डावा हात. स्तन काढताना काखेपर्यंत कापावं लागलं, त्यामुळे हात आखडला आहे. तो रोज थोडा थोडा वर न्यायचा. होळीच्या सुमारास परत दाखवायला या. तोवर हात खांद्याच्या वर गेला तर गेला, नाहीतर जन्मभर तसाच राहील.

स्तन हा शब्द मी इथे मुद्दाम लिहिते, कारण घरात तो कोणी उच्चारत नाही. अप्पा ‘ते’ म्हणतात, शिवपुत्रअण्णा ‘ऑपरेशन’ म्हणतो, आणि महादेवीवहिनी काहीच म्हणत नाही.

वहिनी दुधनीची. माझ्याच वयाची, कानडी तिसरीपर्यंत शिकलेली. मी पुण्याला होस्टेलवर असताना ती या घरात आली. मिरजेला अव्वापाशी तीच राहिली, कारण माझ्या शाळेत मुलींच्या परीक्षा होत्या. हेडमिस्ट्रेसबाईंनी रजा दिलीही असती. पण नोकरी नवी, आणि घराण्यातली पहिली पदवीधर म्हणून सगळ्यांचे डोळे माझ्यावर, म्हणून मी मागितली नाही. अव्वाची जखम वहिनीनं पाहिली आहे. मी तिची पोटची लेक, मी पाहिलेली नाही.

आगगाडीत अव्वा सारा वेळ तिच्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. मी समोरच्याच बाकावर होते.

संध्याकाळी सगळ्यांसमोर जाहीर केलं की अव्वाचं खाणं आणि व्यायाम मी बघणार. अप्पा म्हणाले, “बघ की. तेवढ्यासाठीच तर शिकवलं.” वहिनी म्हणाली, “बरं वन्सं. चुलीचं मी बघते, बाकी तुमी सांगाल तसं.”

तिनं इतक्या सहज मान्य केलं की मला उगाच हरल्यासारखं वाटलं.

६ जानेवारी

सकाळी सात वाजता दूध, चार भिजवलेले बदाम आणि मोसंबीचा रस असं ठरवलं आहे. अव्वा म्हणते, “ठेव, मागनं घेते.” मागनं म्हणजे कधी, तर नऊ वाजून जातात, दुधावर साय धरते, रस कडू होतो. ऑपरेशन झालेल्या माणसानं इतका वेळ उपाशी राहायचं नसतं, हे मी मराठीत, मग मोडक्यातोडक्या कानडीतही सांगितलं. माझं कानडी ऐकून ती हसली. वहिनीही हसली.

दुपारी टोमॅटो चिरून दिले. त्यात व्हिटॅमिन भरपूर असतं. अव्वानं ताटली लांब सरकवली. “रक्तागत दिसतंय गं हे. मिरजेत लई बघून झालं.”

भिंतीचा व्यायाम मात्र केला. भिंतीला तोंड करून उभं राहायचं आणि डाव्या हाताची बोटं एकामागून एक वर चढवत न्यायची. जिथवर पोचली तिथे मी खडूनं रेघ मारली. रेघ तिच्या छातीइतक्या उंचीवर आली.

“पालीगत वाटतंय मला,” अव्वा म्हणाली.

“पाली बऱ्या, अव्वा. तुमची पाल लई लवकर दमती,” वहिनी दारातून म्हणाली, आणि दोघी पुन्हा हसल्या. ‘अव्वा’ ही हाकसुद्धा माझ्या एकटीची राहिलेली नाही.

मग अव्वा पोलकं बदलायला आत गेली. मी मागून गेले तर म्हणाली, “तू नगं, महादेवी हाय.”

९ जानेवारी

आज शाळेतून लवकर आले. स्वयंपाकघरात दोघी समोरासमोर बसलेल्या. अव्वाच्या ताटात भाकरी, वर लोण्याचा गोळा, आणि शेजारी शेंगाची चटणी, लालभडक. माझा उकडलेला दुधी पातेल्यात तसाच. दोघींचं कानडीत काहीतरी चाललेलं. मी दारात दिसताच थांबलं.

मी वहिनीला विचारलं, “हे तुम्ही दिलंत?”

“मागितलं म्हनून दिलं.”

“तिखट द्यायचं नाही असं मी सांगितलं होतं.”

“वन्सं, तुमच्या दुधीला मीठसुद्धा न्हाई. तो मांजरानंबी हुंगून सोडला.”

“अव्वाच्या जिवाशी खेळ चाललाय आणि तुम्हांला थट्टा सुचते.”

वहिनीचा चेहरा उतरला. ती उठून चुलीपाशी गेली. अव्वा माझ्याकडे न बघता म्हणाली, “नीलव्वा, माझ्या मागं लागायचंय तर लाग. तिला कशाला बोलतीस?”

तिला बोलले त्याचं दुःख अव्वाला झालं. सात वाजता रोज दूध नासतं, त्याचं होत नाही.

मग मी वहिनीला बजावून सांगितलं की काही झालं तरी सातच्या ठोक्याला अव्वाच्या पोटात दूध गेलं पाहिजे, आणि ते तिनंच बघायचं. तिनं थोडा वेळ विचार केला. म्हणाली, “सात म्हंजे सातच का?” मी म्हटलं, सात म्हणजे सातच. “मग बघते,” म्हणाली.

१४ जानेवारी

गड्ड्याची जत्रा. सगळे देवाच्या लग्नाच्या अक्षता बघायला गेले. मी अव्वापाशी राहिले. खरं तर मीच हट्ट केला की वहिनीनं जावं. एक दिवस तरी अव्वा माझ्या एकटीच्या वाट्याला यावी.

तिच्या केसांना तेल लावलं. पुण्याच्या गोष्टी सांगितल्या, पदवीदानाला अंगरखा कसा मोठा झाला होता ते सांगितलं. तिनं ऐकलं. दोनदा जांभई दिली. बाहेर नंदीध्वजांच्या मिरवणुकीचा गलका वाढला तशी म्हणाली, “महादेवी एवढ्या गर्दीत गेली. कवा येणार?”

मी अण्णा तिच्याबरोबर आहे असं सांगितलं.

“त्यो बघतोय व्हय तिच्याकडं. मानसं दिसली की बोलत उभा राहतोय.”

मला वहिनीचा राग येतो असं मी आजवर समजत आले. ते बरोबर नाही. राग असता तर ती दूर गेल्यावर उतरला असता. ती घरात नव्हती आणि तरी आज ते मनात सगळ्यांत जास्त होतं. याला मत्सर म्हणतात. मुलींना निबंधात मी हा शब्द षड्रिपूंत शिकवते.

२३ जानेवारी

लिहिण्याजोगी बातमी आहे. गेले कित्येक दिवस अव्वा बरोबर सातला दूध घेते. कुरकुर नाही, काही नाही. बदामही खाते. गालावर थोडा रंग आला आहे. आणि भिंतीवरची रेघ खांद्याशी पोचली आहे. माझ्या पद्धतीला यश येत आहे. नियमितपणा हेच सगळ्याचं मूळ. याच्यावर एखाद्या मासिकात लेख लिहावा असं मनात आलं.

एक गोष्ट मात्र खटकते. पहाटे गिरणीचा पहिला भोंगा व्हायच्या आधीच अव्वा आणि वहिनी उठतात. न्हाणीघरात पाण्याचा आवाज येतो. मग मधल्या खोलीचं दार आतून लागतं ते पुष्कळ वेळ उघडत नाही. इतक्या थंडीत आजारी बाईला पहाटे आंघोळ कशासाठी? वहिनीच्या माहेरी दुधनीकडे कोणी वैदू, भगत असतील. जखमेला काही लेप वगैरे लावत असतील तर सगळ्यावर पाणी पडेल.

आज अण्णाला विचारलं. तो म्हणाला, “मला काय विचारतीस, तिलाच विचार की.” मग हसून म्हणाला, “तुझ्या सातच्या दुधानं आमची झोप गेली बघ.”

याचा अर्थ मला लागला नाही. तो नेहमीच असं तिरकं बोलतो.

३० जानेवारी

आज पहाटे मी उठले आणि मधल्या खोलीचं दार ढकललं. कडी नीट लागली नव्हती. दोघी तिरप्या, अर्ध्या पाठमोऱ्या होत्या, त्यांना कळलं नाही.

अव्वा आसनावर बसली होती. ओलं लुगडं, पोलकं नाही. कपाळावर आणि दंडांवर भस्माचे पट्टे. डाव्या तळहातावर तिचं गळ्यातलं इष्टलिंग होतं आणि ती ते डोळ्यांसमोर धरायला बघत होती. हात थरथरत होता. वहिनी बाजूला गुडघ्यांवर बसून तिच्या कोपराखाली आपला हात धरून होती. ढकलत नव्हती. अव्वाचा हात जसा वर जाई तसा तिचा मागोमाग जाई, थेट डोळ्यांपर्यंत. काखेतून खाली गेलेला व्रण मला बाजूनं दिसला. लाल, दोरीसारखा.

मी दार ओढून घेतलं.

मला हे सुचू नये? लिंगपूजा झाल्याशिवाय या घरात कोणी तोंडात पाणी घालत नाही, हे मी पाळण्यात असल्यापासून बघते आहे. लिंग डाव्या तळहातावरच घ्यायचं आणि दृष्टीच्या पातळीला आणायचं. अव्वाचा डावाच हात गेला. तो वर येईना, पूजा पुरी होईना, आणि पूजा नाही म्हणून ती नऊ-नऊ वाजेपर्यंत उपाशी. मी तिला व्हिटॅमिन समजावत होते. वहिनीनं पूजा अलीकडे ओढून भोंग्याआधी नेली, माझे सात वाजावेत म्हणून.

आणि मला सांगितलं नाही. का नाही सांगितलं तेही मला माहीत आहे. होस्टेलवरून पहिल्या सुट्टीत आले तेव्हा मी पूजा सोडल्याचं ऐटीत सांगितलं होतं आणि जेवणाच्या पंगतीत अव्वाला पुराव्यानं गप्प केलं होतं. तेव्हापासून ती माझ्यासमोर हा विषय काढत नाही.

डॉक्टरांनी सांगितलेलाच व्यायाम घडतो आहे. मला आनंद व्हायला हवा. मी दिवसभर तो शोधला. सापडला तो फक्त कोपराखालचा हात, आणि तो माझा नाही.

३१ जानेवारी

अव्वाला सांगितलं, मला कळलं आहे. ती आधी घाबरली, मग म्हणाली, “रागावू नगंस.” एखादी लहान मुलगी आईला म्हणते तसं ती मला म्हणाली.

मी म्हटलं, “रागावत नाही. उद्यापासून हात मी धरीन. शास्त्रशुद्ध होईल.”

अव्वानं वहिनीकडे बघितलं. वहिनी म्हणाली, “धरू द्या की अव्वा. लेक हाय.” मग मला म्हणाली, “वन्सं, वर ढकलू नका बरं का. तो हात आपनहून जातोय तेवढाच न्यायचा.”

मला शिकवते.

३ फेब्रुवारी

हे लिहिताना अक्षर बिघडतं आहे.

तिसरा दिवस होता. पहिले दोन दिवस ठीक गेले. अव्वाचा हात हनुवटीच्या वर येत होता, पण डोळ्यांपर्यंत नाही. वहिनी कोपराखाली असताना येत होता, हे मी स्वतः पाहिलं होतं. आज वहिनी खोलीत उभी होती, फुलं घेऊन. हात हनुवटीपर्यंत आला आणि थांबला. वहिनी म्हणाली, “पुरे वन्सं, दमल्या त्या.”

ती तसं म्हणाली नसती तर मी थांबले असते. मी कोपर वर उचललं. थोडंसंच. अव्वा कळवळून किंचाळली, बोटं उघडली, आणि लिंग फरशीवर पडलं.

आवाज लहानसाच झाला. वहिनीनं खाली बसून ते दोन्ही हातांनी उचललं, कपाळाला लावलं. अव्वा नुसती रिकाम्या तळहाताकडे बघत होती.

अप्पा आवाज ऐकून आले. “काय झालं?”

मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. त्याआधी वहिनी म्हणाली, “माझा हात सुटला, मामाजी.”

अप्पा कधी नव्हे ते ओरडले. अव्वाही ओरडली. “डोळं हायत का गारा? जिवापरीस जपलेलं धुळीत घातलंस,” असं आणि पुष्कळ काही. वहिनी खाली मान घालून उभी. मीही उभी.

मठातले अय्या, आमचे गुरुजी, अक्कलकोटला गेले आहेत. ते येऊन शुद्धी करून पुन्हा लिंग हातात देईपर्यंत अव्वा पाण्याचा थेंब घेणार नाही. दूध, बदाम, भाकरी, काही नाही. महिनाभर जे अंगावर चढलं ते एका दिवसात उतरेल की काय याची मला धास्ती वाटते. दुपारी तिचे ओठ सुकले होते. मी ओला फडका घेऊन गेले, तिनं तोंड फिरवलं.

४ फेब्रुवारी

अव्वा सकाळी उठली नाही, पडून राहिली. हाताला हात लावू देत नाही. भिंतीपाशी जायची तर गोष्टच नको.

मी चुलीपाशी जाऊन वहिनीला म्हटलं, “मला काही सुचत नाही.” या घरात ती आल्यापासून मी तिला असं काही पहिल्यांदाच म्हटलं असेन. ती म्हणाली, “हे मोटर-अड्ड्यावर गेलेत पहाटेच. अय्यांना घिऊनच येतील.”

अण्णा दहाच्या सुमारास अय्यांना घेऊन आला. वृद्ध आहेत, ऐकायला कमी येतं. वहिनीनं त्यांच्यापुढेही तेच सांगितलं, मोठ्यानं, दोनदा, शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं. त्यांनी लिंग उलटसुलट करून पाहिलं. तडा नव्हता. पाण्यानं, भस्मानं शुद्ध केलं, अव्वाच्या तळहातावर ठेवलं आणि म्हणाले, “आजारी हात. पडायचंच. आता जेव बाई.”

अव्वानं वहिनीकडून भाकरी मागून घेतली. चटणीही. मी पाण्याचा तांब्या तिच्यापुढे ठेवला.

५ फेब्रुवारी

दुपारी वहिनी ज्वारी निवडत होती. मी समोर बसले.

“खोटं का बोललात?”

“कुटलं?”

“वहिनी.”

तिनं सूप खाली ठेवलं. “वन्सं, अव्वा माझ्यावर रागावल्या. रागावल्या, वरडल्या, सांजच्याला इचारलं, जेवलीस का. सुनेवर रागावायला सोपं असतंय. तुमच्यावर रागावायचं झालं असतं तर त्यांना जमलं नसतं. आत ठिवलं असतं त्यांनी. आनि आत ठिवून त्या जेवल्या नसत्या.”

“म्हणजे माझ्यासाठी नाही केलंत.”

“तुमच्यासाठी?” ती हसली. “तुमी मला महिनाभर मांजरागत हाकललंय, वन्सं.”

तिनं सूप उचललं आणि अर्धी ज्वारी माझ्यापुढे ओतली. मी निवडायला लागले.

पण मला ते तसंच राहू देता येईना. माझी चूकसुद्धा तिच्या नावावर गेली. अव्वा तिच्यावर ओरडली, आणि मला त्या ओरडण्याचाही हेवा वाटला, हे कुणाला सांगितलं तर वेडी म्हणतील.

संध्याकाळी अव्वा आणि मी तलावापर्यंत फिरायला गेलो तेव्हा तिला सांगितलं. कोपर मी उचललं. वहिनीचा हात लागलाही नव्हता.

अव्वा चालत राहिली. “म्हाईत हाय की.”

“माहीत आहे?”

“हात माझाच होता न्हवं? कुनी उचलला ते मला कळंना व्हय?”

“मग तिला का बोललीस एवढं?”

“कुनाला तरी बोलल्याबिगर ते मिटलं नसतं. आनि मला लई भूक लागली होती.” थोड्या वेळानं म्हणाली, “ती बाहेरून आलेली, वरडलं तर सोसती. तू घरातलीच. तुला काय बोलू?”

हे मला गोड वाटावं म्हणून म्हणाली की खरंच, ते कळलं नाही. गोड वाटलं नाही. मला ओरडून घ्यायचं होतं.

१७ फेब्रुवारी

कोपर पुन्हा वहिनीकडे. मीच म्हटलं. मी फुलं देते. अव्वानं पहिल्यांदाच माझ्यासमोर व्रण झाकला नाही. मी बघितला. तिनं विचारलं, “लई वंगाळ दिसतंय?” मी म्हटलं, कुठे कुठे पांढरा पडतोय. म्हणजे बरा होतोय.

दुधीत मीठ घालायला परवानगी दिली. चटणीबद्दल वाटाघाटी चालू आहेत.

१० मार्च

पुढच्या आठवड्यात मिरजेला जायचं आहे.

आज पहाटे नेहमीप्रमाणे आम्ही दोघी मधल्या खोलीत गेलो. मी फुलांची परडी घेतली होती. वहिनी गुडघ्यांवर बसली, हात पुढे केला. अव्वानं तो बाजूला सारला.

“दोघी बाहेर व्हा. दार ओढून घ्या.”

वहिनी म्हणाली, “अव्वा, पडंल.”

“न्हाई पडत. जा.”

आम्ही बाहेर आलो. दाराला बारीक फट होती. आधी मी बघितलं. अव्वाचा हात एकटाच वर जात होता, हळू, मध्येच थांबत. हनुवटी, नाक, मग डोळे. तिथे थांबला. थरथरला, पण राहिला. मी सरकले आणि वहिनीला जागा दिली. तिनं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग उंबऱ्याजवळ भिंतीला टेकून बसली. तिचा उजवा हात अजून तसाच वळलेला होता, कुणाचं तरी कोपर त्यात असावं तसा. तिनं तो मांडीवर ठेवला, उचलला, पदराखाली घेतला.

“आता आपल्याला बोलावत न्हाईत व्हय?” ती म्हणाली.

मी तिच्या तोंडाकडे बघितलं. मिरजेहून येताना समोरच्या बाकावर माझं तोंड कसं झालं असेल ते मला आज दिसलं. तिला माझा नव्हे, त्या एकट्या वर गेलेल्या हाताचा हेवा वाटत होता. आणि मला बरं वाटलं. अव्वाचा हात वर गेल्याचं वाटलंच, त्याच्याआधी हे वाटलं. क्रम हाच होता, म्हणून तसाच लिहिते.

मी तिच्या शेजारी बसले. भोंगा झाला. आतून अव्वाचं पुटपुटणं ऐकू येत होतं.

“वहिनी,” मी म्हटलं, “सात वाजायला अजून अवकाश आहे. आपण दोघी आधी चहा घेऊ या का?”

“पूजा झाल्याबिगर?”

“मी घेईन. तुम्ही बसा नुसत्या.”

ती जराशी हसली, पण उठली नाही. तिचं सगळं लक्ष दाराकडे होतं.

“वन्सं, एकदा बघा की परत,” ती म्हणाली. “हात खाली आला का?”

मी फटीला डोळा लावला. आला नव्हता.

“नाही,” मी म्हटलं. “तुम्हीच बघा.”